रस

दर तीन महिन्यांनी डॉक्टर तोच प्रश्न विचारते,
तार्तूच्या दवाखान्यात, हीटरला पाय लावून:
कशात रस वाटतो का, अगाफ्या?
मी सांगते, झोप सात तास. गोळ्या चुकवल्या नाहीत.
हात थोडा थरथरतो. तहान फार लागते.
ती लिहून घेते.
रसाचा रकाना रिकामाच राहतो.

काय सांगू?
रसाचाच तर मी धसका घेतलाय.

त्या वसंतात मला सगळ्यातच रस होता.
पैपसी तलावाचा बर्फ फुटायच्या आत मी दोन होड्या घेतल्या, उधारीवर,
कुंपण पिवळं रंगवलं, मग शेजाऱ्यांचंही, न विचारता,
रात्री तीनला नार्वाच्या चुलतबहिणीला उठवून सांगितलं
की तळाशी एक घंटा आहे, आणि ती काय म्हणते ते मला कळतं.
अकरा रात्री झोपले नाही.
अकरा रात्री किती सुंदर होते मी.

मग उतार.
दोन हिवाळे भिंतीकडे तोंड.
लिओन्ती सूप आणून ठेवायचा, त्यावर चरबी गोठायची,
तो वाडगा उचलून न्यायचा. शब्द नाही.
होड्या विकल्या त्याने, एक तोट्यात.
आमचं पिवळं कुंपण तेवढं राहू दिलं.

गावात रस्ता एकच, तलावाच्या कडेकडेने.
बातमीला वळणं घ्यावी लागत नाहीत.
प्रार्थनाघरात बायका मला सरकून जागा द्यायच्या,
जरा जास्तच जागा.
आणि स्तेपानिदा नाकाने कांदे सोलायची,
या अख्ख्या कांद्यांच्या गावात!

यंदा मार्चमध्ये
भट्टीवरच्या फळीवरचे लावणीचे कांदे निवडायला बसले,
कारण लिओन्तीची पाठ धरली होती. एवढंच कारण.
हा चांगला, हा पोकळ, हा चांगला.
बोराएवढे कांदे थरथरत्या बोटांतून निसटायचे,
फरशीवर टपटपायचे, मांजर मागे धावायचं.
मग एक हाती आला,
एकाच गड्ड्याला दोन कोंब, एकमेकांकडे पाठ करून.
तो मी बाजूला ठेवला.

का ठेवला?
हात तसाच अधांतरी.
म्हणजे मला बघायचं होतं, याचं पुढे काय होतं ते.

लगेच छातीत धडधड.
आलं का ते परत?
घड्याळ बघून नाडी मोजली.
मनातली वाक्यं तपासली,
एकमेकांच्या अंगावर चढतायत का ती?
ओरडून विचारलं, लिओन्ती, मी भरभर बोलतेय का?
तो पालथा पडूनच म्हणाला,
सकाळपासून तू बोललीच नाहीस.

पलीकडचा किनारा दुसऱ्या देशाचा, इथून दिसत नाही.
पहारेकरी काय असतो ते आम्हाला ठाऊक आहे.
तशीच उभी असते मी आनंदाच्या वाटेवर:
कागद दाखव. कुठून आलास. किती दिवस राहणार.
मोठ्यांचे कागद नेहमी झकास असतात,
शिक्के, सह्या, सगळं.
या इवल्याशाकडे कागदच नव्हते.
जाऊ दिला.

त्या रात्री सात तास झोपले. हे महत्त्वाचं आहे.
सकाळी तो तिथेच होता.

मेमध्ये वाफे उंच केले.
तो जोडकोंबाचा कांदा कुंपणाशी लावला.
स्तेपानिदा पलीकडून म्हणाली,
असला कांदा टिकत नाही, वेणीतही नीट बसत नाही.
नाही टिकत तर नाही टिकत, मी म्हटलं, आधी खाऊ.
ती हसली. मग मीही.
थोडंसंच. मोजून नाही, पण थोडंसंच.

ऑगस्टात डॉक्टरने विचारलं,
कशात रस?
मी बोटं तिच्या नाकाशी नेली.
दोनदा साबणाने धुतली होती, तरी.
काय लिहू, ती म्हणाली.
लिहा, एक कांदा.
आणि रक्त द्यायला बाही वर केली.