हलवू

कुंपणापलीकडून फकीरव्वा म्हणाली, "हलवु…"
आणि मी हलवली.

नंदगडात येऊन मला चारच महिने झाले होते तेव्हा.
माहेर आजऱ्याचं. कानडी कानावरून जायची
हात न दाखवलेल्या बससारखी.
गोठ्यामागं तांबड्या मातीत एक शतावरी होती,
कुणी लावली, घरात कुणाला ठाऊक नाही.
धुरासारखी हिरवी, आणि देठाला मागं वळलेले काटे;
एकीकडून पदर सोडवावा
तर दुसरीकडून धरायची, बोलायला कुणी नसल्यासारखी.

तिच्याकडं बोट करून बाई म्हणाली होती,
"हलवु मक्कळ तायी."
मी ऐकलं तेवढं मराठी ऐकलं.
सहा बाळंतपणं निभावलेली बाई सांगतेय, हलवू,
तर उगाच कशाला सांगेल?
कुदळ घेतली.

खाली बोटं होती.
पांढरट, गुबगुबीत, एकमेकांत अडकलेली बोटं.
सदतीसपर्यंत मोजली, मग सोडून दिलं,
कारण निम्मी माझ्याच कुदळीनं तुटलेली
आणि तुटल्या जागी नुसतं पाणी.

फकीरव्वा कुंपण ओलांडून आली, कपाळावर हात मारत.
मागून तिचा नातू मल्लेशी, चौथीतला, दोन्ही भाषांचा मालक:
"काकू, हलवु म्हणजे पुष्कळ.
पुष्कळ पोरांची आई.
ते तिचं नाव आहे."

कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं.
तिनं उतारावरची जागा दाखवली, जिथं पाणी थांबत नाही.
वाळू, शेणखत, फणसाचा पाचोळा.
डोळा मातीच्या वर राहील असा गड्डा ठेवून
माझाच तळवा धरून दाबायला लावला:
एवढंच. याहून जास्त नाही.
चिव्याची काठी रोवली.
मी विचारलं, "मूळ जगेल का?"
तिनं ऐकलं मुळ्ळु, म्हणजे काटा.
म्हणाली, काट्याला काय होतंय.

शिमग्यात वेल वाळली. काड्या.
सासूबाई म्हणाल्या, उपटून टाक, चुलीला होईल.
मी रोज तांब्याभर पाणी घालत राहिले, चोरून,
अपराध्यानं देवाला घालावं तसं,
आणि एका सकाळी फकीरव्वानं
तो तांब्याच माझ्या हातून घेतला, चुलीवरच्या फळीवर पालथा घातला.
झोपलेल्याला पाजत नाहीत,
हे वाक्य मला कुणी उलगडून सांगावं लागलं नाही.

वैशाखात जमीन तव्यासारखी असताना
एक जांभळट टोक वर आलं.
मी कुणाला सांगितलं नाही. दोन दिवस.

तिसऱ्या साली खणायचं ठरलं, एकाच अंगानं,
आणि आदल्या रात्री दुसऱ्या अंगानं साळिंदर खणून गेलं.
खड्ड्याशी त्याचा एक काटा पडलेला, काळा-पांढरा.
"मुळ्ळुहंदी," मल्लेशी म्हणाला.
मी म्हटलं, मुळाला मुळ्ळु लागला की!
माझा कानडीतला पहिला विनोद.
फकीरव्वा हसली नाही.
ती खड्ड्यात वाकून बघत होती, किती उरलं.

उरलं होतं. पुष्कळ.
तिच्या नातसुनेला दूध येत नव्हतं, पहिली टोपली तिकडं गेली.
माझ्यासाठीही एक पुडी बांधली होती तिनं,
कशासाठी ते दोघींनी विचारलं नाही.
लग्नाला चौथं वर्ष लागलेलं.

आता गड्ड्याचे वाटे करून
आळीतल्या तीन परसांत दिलेत.
दर वेळी कुदळ उचलण्याआधी
मी कुंपणाकडं बघून विचारते, हलवू?
आणि ती हातानं थांब म्हणते, चष्मा शोधायला जाते.

दुपारी आम्ही सोलायला बसतो.
मुळं जरा वाफवायची, साल अलगद निघते,
मग एका टोकाला नख लावून
आतली शीर ओढायची, सबंध, न तोडता.
तिच्या मांडीवर लांब दोऱ्यांचा ढीग असतो.
माझी अजून मध्येच तुटते.