पिवळी रेघ

कुंडईच्या कारखान्यात भिंतीवर
पाना, पक्कड, हातोडी,
प्रत्येकाभोवती पिवळी रेघ.
हत्यार उचललं की मागे नुसता आकार उरतो,
काय हरवलंय ते विचारावं लागत नाही.

ही जपानी रीत शिकवणारा म्हणाला,
रोज थोडं, पण रोज.
शाणू गावस पुटपुटला,
आमचं थोडं दुपारी झोपतं.

तरी मी बोल्टांची पेटी
ड्रिलजवळ दोन हात सरकवली.
दिवसाला चाळीस पावलं वाचली.
कुठं गेली कोण जाणे,
पगारात तरी आली नाहीत.

घरी, बोरीला,
पपांच्या पलंगापासून दारापर्यंत खडूच्या खुणा.
लकव्यानंतर सोमवारी तीन फरश्या,
बुधवारी साडेतीन,
गुरुवारी परत दोन.
वहीत मी दोनच लिहिले.
आकडा फुगवायचा नाही, हेही तिथलंच.

शनिवारी हाक न मारता
ते उंबऱ्यापर्यंत गेले,
चौकटीला टेकून धापा टाकत म्हणाले,
"तुज्या जपान्याक सांग,
हांगा एक स्टूल दवर म्हूण."

स्टूल ठेवलं.
रंगाचा डबा हातात होता,
भोवती रेघ मात्र
ओढली नाही.