ग्रामीण मार्ग ४७ वरचा रपटा

ग्रामीण मार्ग सत्तेचाळीस.
लांबी चार किलोमीटर दोनशे मीटर.
त्यातला पहिला किलोमीटर नोंदवहीत दोनदा आहे
आणि रपटा एकदाही नाही.

मी इथे बदलून आलो तेव्हा
साखळी दोन-तीनशे चाळीसवर
कागदात सरळ रेघ होती.
जागेवर खोडकी नाला होता,
सहा सिमेंटचे पाईप, दोन गाळाने बुजलेले,
आणि एका बाजूच्या कठड्याचे दगड
कुणीतरी बांधीच्या धुऱ्याला नेलेले.

सरपंच नेवारेबाई म्हणाल्या,
रपटा जिल्हा परिषदेचा.
जिल्हा परिषद म्हणाली, रस्ता हस्तांतरित झाला,
सार्वजनिक बांधकामला विचारा.
ते म्हणाले, रस्ता घेतला आम्ही,
यादीत रपटा कुठे होता?
असा तो,
पावसाळाभर पाण्याखाली
आणि उन्हाळाभर फायलीखाली.

चौथ्या वर्षी पुलाचा प्रस्ताव निघाला.
प्रपत्रात रकाना अकरा :
सर्वोच्च पूरपातळी, पुराव्यासह.
उपविभागात नाही, तहसिलीत नाही,
'निरंक' लिहून मी सही करणार,
तर दारात डोमाजी कुमरे,
निवृत्त मैलकुली,
हातात अजून खात्याचंच घमेलं.
"चला जी, दाखवतो."

नाल्याच्या काठावर कहूचं झाड.
खोडात खिळे. चार इंची. नऊ.
"हा, शाळेतला तांदूळ भिजला त्या सालचा.
हा, वरची बोडी फुटली तवाचा.
हा, रोवणीच्या बाया पल्याड अडकल्या,
रातभर समाजमंदिरात बसल्या,
एकीनं तिथंच पोरगी जनली, तिचं लगन झालं औंदा."
मग एका खिळ्यावर बोट ठेवून थांबला.
"हा नका घेऊ.
हा पान्याचा नाही.
इथं पोस्टमनची सायकल अटकली होती."
आणि पोस्टमन?
"तो खाली. तिसऱ्या दिवशी."

मी विचारलं, खिळे ठोकायचा हुकूम कुणाचा होता?
"हुकूम कोनाचा नाही जी.
मैल माझा होता."

दुर्बीण लावली, पट्टी धरली त्यानंच.
आठ वाचनं घेतली.
सगळ्यात वरचा खिळा
रपट्याच्या पाठीपासून दोन मीटर पंच्याऐंशी.
पुराव्याच्या रकान्यात लिहिलं :
कहू, घेर दोनशे दहा सेंटिमीटर.

महिन्यानं शेरा आला.
झाड हा पुरावा ग्राह्य नाही,
सक्षम दाखला जोडावा.
नेवारेबाईंनी ग्रामसभा बोलावली,
कोरम नाही म्हणून तहकूब केली,
परत बोलावली.
ठरावात एकच ओळ, 'पाणी एवढे आम्ही पाहिले आहे',
खाली एकशे बारा सह्या, पैकी एकेचाळीस अंगठे.
तेवढ्या जाड पुराव्यापुढे
वरचं कार्यालय गप्प बसलं
किंवा साहेब बदलून गेले. नक्की माहीत नाही.

मंजुरी आली. नकाशा आला.
पूल सहा मीटर वरच्या अंगाला सरकलेला.
जोडरस्त्याची मधली रेघ
कहूच्या खोडातून आरपार.
मी जागा पुन्हा मोजली. दोनदा.
मग अंदाजपत्रकात, बाब क्रमांक तीन,
माझ्याच अक्षरात :
वृक्षतोड, एक नग.

डोमाजीला सांगायला गेलो
तर तो अंगणात खराटा बांधत बसलेला.
ऐकून घेतलं. काडी मोडली. दुसरी घेतली.
"उंच ठेवा म्हंजे झालं," म्हणाला.
"आन पाईप टाकू नका. पाईप गाळानं मरते."
चहा झाला नाही त्या दिवशी. दूध नव्हतं म्हणाले.

फाल्गुनात झाड आडवं झालं.
ओंडके करताना
कटरवाल्याचं पातं एकदम किंचाळलं,
ठिणगी उडून वाळक्या गवतात पडली,
त्यानं ती चपलेनं विझवली
आणि गॉगल कपाळावर सरकवत माझ्याकडे वळला.
"साहेब, आत लोखंड आहे.
थोडं नाही, लय आहे.
पात्याचे पैसे कोणत्या हेडात टाकू?"