कुणापैकी?

खिंडीत आठ खांब आहेत,
एकाच कंपनीचे, एकाच उंचीचे,
हिरवे दिवे लावून.
नॉर्वेतली रात्र, पावणेदहा. ओड्वार आला,
पियानोचे सूर जुळवणारा,
मागच्या सीटवर हत्यारांची पेटी,
बॅटरीत उरलेले चार टक्के.
त्याने वायर लावली.
खांबाने विचारलं, अगदी अदबीनं,
जसं विचारतात आडनावावरून उलगडा झाला नाही की:
आपण कुणापैकी?

आणि दिवा लाल झाला.

आठही खांब मोकळे होते, हे लिहून ठेवतो.
बाहेर उणे एकोणीस.

कॅफेत गुनवोर खुर्च्या टेबलांवर उलट्या घालत होती.
तिचा भाचा स्वेरे कंपनीच्या जॅकेटमध्ये सूप पीत बसलेला.
मावशी, तो म्हणाला, हा चर आम्ही खणलाय.
जमीन आधी शेकायची, मग कुदळ.
तेव्हा बाकीचे कुठं होते? जाहिराती करत होते.
आता आयत्या बिळावर नागोबा?
(असंच काहीसं म्हणाला. त्यांच्या बर्फात नाग कुठले.)

खरं आहे, गुनवोर म्हणाली.
हात फुटले होते तुझे, मलम मीच लावलं.
पैसे घ्या की. दुप्पट घ्या.
पण गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभं
आणि नाही म्हणायचं,
हे कुठलं दुकान?

स्वेरे सूपात पाव बुडवत राहिला.
त्याच्या हातात काही नव्हतं, हेही खरं.
खांब त्याचं ऐकत नाहीत,
ते दूरच्या शहरातल्या कुठल्याशा यादीचं ऐकतात.

गुनवोरच्या आईने हिवाळ्यात दाराला कधी कडी घातली नाही.
वादळात आलेल्याचं नाव ती सकाळी विचारायची,
न्याहारी झाल्यावर.

गुनवोरने वॉफलचं यंत्र बंद केलं,
त्याच्या प्लगमधून वायर काढली,
खिडकीच्या फटीत टॉवेल कोंबला.
तासाला जेमतेम तीन टक्के.
ओड्वार बाकावर कोट पांघरून झोपला,
आणि रात्रभर आठ खांब
बर्फाला उजेड दाखवत जागे राहिले.

सकाळी एकतीस. दरीत उतरायला पुरे.
विजेचे पैसे तिने मीटर बघून घेतले,
क्रोनर क्रोनर मोजून.
रात्रीच्या गार वॉफलचे नाही घेतले.

स्वेरे बाहेर खांबांवरचा बर्फ झाडत होता.
गाडी वळणाआड जाईपर्यंत
तो एकच खांब झाडत राहिला.