शेड कार्ड

नान्ना मिलच्या रंगखात्यात मास्तर होते.
चादरीचा लाल किती लाल
हे ओली लड पिळून, उन्हाकडे धरून
भोंगा व्हायच्या आत तेच ठरवायचे.
कोपरापर्यंत निळे हात.
लग्नाच्या काळ्यापांढऱ्या फोटोतसुद्धा
हातमोजे घातल्यासारखे दिसतात.

त्यांच्याकडे एक पांढरा पाइप होता.
रंगाच्या कंपनीचा कुणी परदेशी माणूस
भर मे महिन्यात सोलापुरात उतरला
आणि तिसऱ्या दिवशी आडवा झाला.
नान्नांनी आठ दिवस त्याला ताक पाजलं.
जाताना त्यानं खिशातून काढून दिला.
माती नाही, हाड नाही, हलका दगड,
तिकडे त्याला समुद्राचा फेस म्हणतात म्हणे.
समुद्र आमच्यात कुणी पाहिला नव्हता.
तळ्याच्या काठी धुण्याचा फेस साचतो,
तेवढाच आम्हाला ठाऊक.

भांड्याला हात लावू नका, पाहुण्यानं बजावलं होतं,
जे लागेल ते हा धरून ठेवतो.
पहिल्याच संध्याकाळी नान्नांनी कौतुकानं
दोन्ही हातांत घेतला,
आणि बुडाशी अंगठा उठला, निळा, रेघांसकट.
लिंबू चोळलं. राख चोळली.
मग चादरीचं एक फडकं कायमचं त्याच्यासाठी.

"याला तुरटी नको, उकळी नको," ते सांगायचे.
"आपण ह्याला रंग देत नाही, पोरी.
हा आतून ओढतो आणि बाहेर दाखवतो.
घाई केली की जळतो."

मिलच्या एका रद्दी वहीत
ते दर वर्षी, गड्ड्याची जत्रा उठली की,
पाइपाच्या रंगाशी जुळणारा धागा
शोधून चिकटवायचे, तारीख घालून.
पहिला सायीचा. मग तुपाचा.
देठाशी आधी चढलं, तोंडाशी उशिरा,
चौथ्या वर्षी मध,
सातव्याला भाजलेल्या शेंगदाण्याचं साल.
निळा अंगठा त्यात हळूहळू हिरवा झाला, मग दिसेना.
साखर पेठेतली माणसं बघायला यायची.
नान्ना फडकं उलगडायचे
देवाचा टाक दाखवावा तसे.

तंबाखू मात्र अम्माच्या सुपातली.
ती कारखान्याच्या विड्या वळायची,
रोज हजार, दुखणं असलं तर आठशे.
तंबाखू मोजून मिळे, विड्या मोजून घेत,
कमी भरल्या की तिच्या पैशातून कापत.
नान्ना येता जाता चिमूट उचलायचे.
वहीत ते कुठं नाही.

मिल बंद पडली. भोंगा नसल्यानं
पहिले काही दिवस सगळ्या गल्लीला उशिरा जाग आली.
मग नान्नांची छाती वाजू लागली,
डॉक्टरांनी पाइप सोडा म्हटलं, त्यांनी सोडला,
आणि पाइप आहे तिथंच थांबला.
अकरावा धागा, जुन्या गुळाचा.
त्याखाली पान कोरं.

परवा वही काढून बसले होते.
समोर अम्मा, भिंतीला टेकून.
तिला आता दिसत नाही फारसं,
पण बोटं चालूच असतात,
पान नाही, दोरा नाही, तरी वळतात, दुमडतात.
मी तिचा उजवा अंगठा धरला,
पानावर ठेवला, धाग्याला लावून.
साय नाही. मध नाही.
सरकवत सरकवत गूळही मागं पडला.
आयुष्यात एक झुरका न घेतलेली बाई.

"काय करतेस गं?"
"रंग बघते."
"तो जात नाही साबणानं," म्हणाली,
जणू मीच धुवायला बसले होते.

मग चाचपडत पाइप उचलला,
फडक्याशिवाय, सरळ भांड्यालाच धरून.
नाकाशी नेला, बराच वेळ.

"माझीच आहे," म्हणाली,
"तंबाखू."