गोल गोळी

एजी ऑफिसातून सुटलो, त्या मार्चमध्ये
मुलानं यंत्र पाठवलं.
आता रविवारी मोरारच्या पुढं
हरभरा काढलेल्या रानात
कानाला हेडफोन लावून चालतो.

रान कुशवाहांचं. बांधावरून ओरडतात,
"भाऊसाहब, सोना मिला?"
मिळतात बुचं, नाल, ट्रॅक्टरचा नट.
कधी शिशाची गोळी.

चपटी असली तर लागलेली असते.
आमच्यातल्या की त्यांच्यातल्या,
शिसं सांगत नाही.
वहीतला तो रकाना कोरा ठेवतो;
चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या कोऱ्या रकान्यांवर
मीच लाल शेरे मारले.

आज मात्र गोल निघाली,
पुरती गोल, बोराएवढी.
रुमालात बांधून आणली.
कुमुदला म्हटलं, नेम चुकला बघ,
कुणीतरी घरी पोचला.

ती म्हणाली,
नाहीतर खिशातून पडली असेल.

तेही चालेल.