वीस मिनिटांचं भाडं

अदिस अबाबात, अरात किलोच्या उतारावर
त्सिगेरेदा पेपर विकायची नाही,
भाड्याने द्यायची.
पन्नास सांतिम, वीस मिनिटं.
फुटपाथच्या कडेला आम्ही ओळीने टेकलेलो,
कुणाच्या मांडीवर निविदा, कुणाच्या मयताच्या बातम्या,
माझ्या मांडीवर कायम एकच पान: पाहिजेत.
हिशेबनीस पाहिजेत. नर्स पाहिजेत.
इंग्रजी येणारा ड्रायव्हर पाहिजे.
वारा सुटला की ती गठ्ठ्यावर खडा ठेवायची,
काळा, गुळगुळीत,
माहेरच्या नदीतला, म्हणायची.

घड्याळ नव्हतं तिच्याकडे.
पाठमोरी असली तरी तिला कळायचं:
"बिन्याम, झालं तुझं."
शब्दकोड्याला कुणी पेन टेकवलंच
तर अख्खा पेपर विकत.

मग मी फोन घेतला, हप्त्यावर.
पहिला फोटो एकाच जाहिरातीचा,
मित्रासाठी; तो आजारी होता.
पुढच्या आठवड्यात माझे चार मित्र आजारी.
पुढे टेलिग्रामवर चॅनेल काढलं, नाव ठेवलं पहाट.
दिवस उगवला की आमचं घड्याळ सुरू होतं,
तर सकाळी दोनच्या ठोक्याला मी तिचं पहिलं गिऱ्हाईक.
नऊ मिनिटांत सगळी पानं फोनमध्ये,
उरलेली अकरा
वाचत असल्याचं सोंग.

आज नव्वद हजार माणसं आहेत पहाटेत.
कॉम्प्युटर क्लासवाले मला जाहिराती देतात,
गाइडांचे पीडीएफ मी विकतो
(ज्या मास्तरांनी ते लिहिले, त्यांना अजून भेटलेलो नाही).
जिम्माहून एक पोरगी लिहिते,
दादा, तुमच्यामुळे नोकरी लागली.
हेही खोटं नाही.

फुटपाथ कसा रिकामा झाला ते मला विचारू नका,
मला माहीत आहे.
आधी विद्यार्थी उठले, मग बेकार,
म्हातारे तेवढे चिकटून राहिले, त्यांचेही डोळे गेले.
एक पेपर बंद पडला, दुसरा आठवड्यावर आला.
गठ्ठ्याशेजारी तिने रिचार्जची कार्डं मांडली,
मग भाजलेल्या जवाच्या पुड्या.

गेल्या महिन्यात शाळांचा पेपर फुटला
आणि नेट बंद.
नव्वद हजार माणसं खिशात मुकी घेऊन
मी उतारावर आलो, पायांनीच आणलं.
ती होती.
समोर सहा अंक, चार वर्षांपूर्वीचे,
आणि माणसं बसलेली!
एकजण मुदत संपलेली जाहिरात
बोटाने ओळ धरून वाचत होता,
अर्ज करणार असल्यासारखा.

मी नाणं पुढे केलं.
तिने ते घेतलं नाही.
"आधी जुनं बघू.
पेपर वीस मिनिटांत परत करायचास.
फोटो कधी परत केलेस?"

मी हसलो. ती हसली नाही.
पुडीच्या कागदावर आकडे मांडत राहिली,
ओठ हलवत, हातचे बोटांवर धरत.
बराच वेळ.
मग मान वर न करता
खडा माझ्या हातात दिला:
धर. वारा आहे.